रूफस

रूफस : प्राचीन रोममधील एक प्रचलित उपनाम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘तांबूस’; तांबूस केसांच्या माणसाला ते पडे आणि मग वंशात चालत राही. रोमन पुरुषाच्या नावात साधारणतः व्यक्तिनाम, कुलनाम आणि उपनाम असे तीन भाग असत. कुळ ओळखायचे ते मधल्या भागावरून. रुटिलियस, सल्पिशियस, पाँपियस, व्हर्जिनियस अशा निरनिराळ्या कुळांत रूफस आढळतात, म्हणून केवळ या उपनामावरून दोघांना भाऊबंद ठरवू नये. इ.स.पू. ८८ मध्ये तर दोन रूफस एकमेकांच्या विरोधात उभे होते. ट्रिब्यून पब्लियस सल्पिशियस रूफस याने पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याच्याविरुद्धच्या मोहिमेचे सेनापतिपद कॉन्सल सल्लाकडून काढून त्याचा प्रतिस्पर्धी मेरियस याला देवविले. सल्लाचा सहकारी कॉन्सल होता क्विंटस पाँपियस रूफस. वर्ष सरण्याआधी हे दोन्ही रूफस मारले गेले.

या सर्वांत आदराने नाव घ्यावे ते पब्लियस रुटिलियस रूफस याचे. इ.स.पू. १०५ मध्ये कॉन्सल असताना त्याने सैनिकांना तलवारबाजी शिकवण्यासाठी ग्लॅडिएटरांच्या आखाड्यातले उस्ताद आणले. पुढे आशिया प्रांतात (आजचा पश्चिम तुर्कस्तान) क्विंटस म्युशियस स्कीव्होलाच्या हाताखाली त्याने करवसुलीच्या मक्तेदारांना वेसण घातली. मक्तेदारांनी त्याचे उट्टे काढले. इ.स.पू. ९२ च्या सुमारास त्याच्यावरच प्रांत लुटल्याचा खटला झाला आणि निवाडा करायला बसले ते मक्तेदारांच्याच वर्गातले लोक. त्याने गयावया केली नाही. दोषी ठरल्यावर तो त्याच आशिया प्रांतात जाऊन राहिला आणि स्मर्ना शहराने त्याला आपले नागरिकत्व दिले. त्याच्या निर्दोषत्वाचा याहून मोठा पुरावा कोणता? सल्लाने बोलावूनही तो रोमला परतला नाही.

ल्यूशियस व्हर्जिनियस रूफस याने इ.स. ६८ मध्ये गॉलमधील सुभेदार व्हिंडेक्सचे बंड मोडले. सैन्य त्याला सम्राट करायला निघाले असता त्याने नकार दिला. त्र्याऐंशीव्या वर्षी, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, तो आभाराच्या भाषणाची तयारी करीत होता. हातातला जड ग्रंथ निसटला, तो उचलायला वाकताना गुळगुळीत फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ते नीट जुळले नाही. त्यातच त्याचा अंत झाला. अंत्यसंस्काराच्या वेळी गौरवपर भाषण इतिहासकार टॅसिटसने केले. ही हकीकत धाकट्या प्लिनीच्या पत्रात आहे.

स्टोइक तत्त्वज्ञ मुसोनियस रूफस हा एपिक्टेटसचा गुरू. स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकावे असे तो सांगे. सम्राट नीरोने त्याला हद्दपार केले. क्विंटस कर्टियस रूफस याने लिहिलेल्या अलेक्झांडरच्या दहा खंडी इतिहासातील पहिले दोन खंड हरवले आहेत; झेलमकाठी पोरसाशी झालेल्या लढाईचे वर्णन मात्र आठव्या खंडात वाचायला मिळते. वैद्य रूफस हा इफिससचा, ग्रीक भाषेत लिहिणारा. रोग्याला कोणते प्रश्न कसे विचारावेत, यावर त्याने स्वतंत्र ग्रंथ लिहिला.