अँटीव्हायरस फुकट का झाला?

परवा एका पोराने विचारलं, "दादा, लॅपटॉपमध्ये डिफेंडर फुकट येतो, मग लोक आधी अँटीव्हायरसचे पैसे का भरायचे?"

2010 च्या आसपास गडचांदुरात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. एमएस-सीआयटीची पोरं, सिमेंट कारखान्यातले कामगार, फॉर्म भरणारे, सगळ्यांचे पेनड्राइव्ह एकाच मशीनला लागायचे. संध्याकाळपर्यंत फोल्डरचे शॉर्टकट झालेले! एकाचा रोग मी दहा घरी पाठवत होतो.

तेव्हा अँटीव्हायरस म्हणजे विकत घ्यायची वस्तू. आपल्या महाराष्ट्रातच त्यातून मोठा धंदा उभा राहिला. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करायचे. भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. 2016 मध्ये ती शेअर बाजारातही आली.

मायक्रोसॉफ्टने 1993 च्या एमएस-डॉस 6 मध्ये अँटीव्हायरस दिला होता, पण विंडोज 95 मध्ये तो नव्हता. मग इंटरनेट पसरलं. 2001 मध्ये कोड रेड आणि निमडा, 2003 मध्ये स्लॅमर आणि ब्लास्टर. व्हायरस लिहिणारा कुणीही असो, लोक शिव्या विंडोजलाच घालत. जानेवारी 2002 मध्ये बिल गेट्सने कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सांगितलं, नव्या सोयींपेक्षा सुरक्षा आधी. 2003 मध्ये कंपनीने रुमानियाच्या जीकॅडचं अँटीव्हायरस तंत्रज्ञान विकत घेतलं.

तरी फुकट दिलं नाहीच. 2006 मध्ये 'वनकेअर' वार्षिक वर्गणीवर विकायला काढलं. ते चाललं नाही. 2009 मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत आलं आणि 2012 च्या विंडोज 8 पासून पूर्ण अँटीव्हायरस आतच बसला.

हे दानधर्म नव्हे. गावातल्या ढोरांचं बघा ना. लाळ्या-खुरकूतची लस फक्त पैसेवाल्याने टोचली तर रोग थांबत नाही, कारण सगळी ढोरं एकाच गायकीमागे रानात जातात. म्हणून सरकार लस फुकट टोचतं. कॉम्प्युटरचंही तसंच. वर्गणी संपलेलं एक मशीन शेजारच्या शंभरांना धोका, आणि बदनामी विंडोजची. त्यात कमाईही आहेच: कोट्यवधी मशीनवरून नव्या व्हायरसची खबर मिळते, आणि मोठ्या कंपन्यांना डिफेंडरची वरची आवृत्ती पैसे घेऊन विकता येते.

आता माझी चूक सांगतो. ते मोफत सिक्युरिटी इसेन्शियल्स फक्त अस्सल विंडोजवर चालायचं. माझ्या मशीनवर क्रॅक केलेली एक्सपी होती, अपडेट बंद. 2011 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होणं अपडेटमधून बंद केलं, तेही माझ्यापर्यंत पोचलं नाही. लस फुकट होती, मीच ढोर गोठ्यात लपवलं होतं. त्यात एका पोराचं प्रोजेक्ट गेलं, ते आजही आठवतं.

आजही तेच चालू आहे. क्रॅकसोबत सूचना येते, "आधी अँटीव्हायरस बंद करा." आपण करतो! विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी कितीतरी दुकानांत तीच चालते. तिथे आपण आधार आणि सातबारा देतो.

म्हणून विनंती: डिफेंडर चालू ठेवा, अपडेट थांबवू नका. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल उघडू नका. पहारेकरी फुकट मिळाला, पण दाराची कडी आपल्यालाच लावावी लागते.