पायरीपायरीचं शिक्षण

सध्या विद्यापीठांत दोन शब्द फार ऐकू येतात, 'मायक्रोक्रेडेन्शियल' आणि 'डिजिटल बॅज'. नातवानं मला समजावून सांगितलं, "आबा, छोटा कोर्स करायचा, त्याचं वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं, अशी जमवत गेलं की पुढे ती पदवीत धरतात." मला काही फार नवल वाटलं नाही. आम्ही धामणगावची माणसं, म्हणजे वर्ध्याच्या शेजारची!

मित्रहो, १९३६ साली नागपूरला राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलनाचं अधिवेशन भरलं आणि त्यातूनच वर्ध्याची राष्ट्रभाषा प्रचार समिती निघाली. तिच्या परीक्षा पायरीपायरीच्या. प्राथमिक, प्रारंभिक, प्रवेश, परिचय, कोविद आणि वर राष्ट्रभाषा रत्न. मध्येच थांबलात तरी चढलेल्या पायरीचं प्रमाणपत्र तुमचंच. पुढे सरकारनं परिचय मॅट्रिकच्या, कोविद इंटरच्या आणि रत्न बीएच्या बरोबरीची मानली, पण फक्त हिंदीच्या पातळीपुरती. म्हणजे 'रत्न' झालेला माणूस काही बीए होत नसे. हा 'पुरती' शब्द लक्षात ठेवा, आजच्या बॅजलाही तोच प्रश्न आहे.

एमएस-सीआयटीचं उदाहरण घ्या ना. एमकेसीएल ही संस्था २००१ साली निघाली. सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र मागू लागले आणि गावोगावी संगणकाचे क्लास निघाले. न मागते तर किती जण गेले असते?

पदवीचं मात्र आमच्याकडे 'सगळं नाहीतर काहीच नाही' असं होतं. आधी आम्ही नागपूर विद्यापीठात होतो, १९८३ पासून अमरावती विद्यापीठात आलो. विद्यापीठ बदललं, हे बदललं नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी मुली बीएची दोन वर्षं पास झाल्या आणि तिसऱ्या वर्षी लग्न होऊन गेल्या. अर्जात शिक्षण काय लिहायचं? बारावी! त्या दोन वर्षांचा अभ्यास कुठल्याच रकान्यात बसत नव्हता. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा अशा बायकांना घरी बसून शिकायची वाट झाली, हेही सांगितलं पाहिजे.

'बॅज' हे प्रकरण तिकडचं. मोझिला या संस्थेनं २०११ मध्ये ते मांडलं. त्या चित्रातच कोणी दिलं, कशाबद्दल दिलं, कधी दिलं हे सगळं साठवलेलं असतं. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये क्रेडिटची बँक काढली. २०२३ च्या आराखड्यात तीस तासांच्या अभ्यासाला एक क्रेडिट धरलं. आता एक वर्ष करून थांबलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा. माझ्या त्या मुलींच्या वेळी हे असतं तर!

पण त्यात एक खुट्टी आहे. नियमांप्रमाणे खात्यातलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतं. विसाव्या वर्षी लग्न झालेली पोरगी सत्ताविसाव्या वर्षी कुठे मोकळी होते हो? धाकटं लेकरू तेव्हा जेमतेम अंगणवाडीत असतं. ही मुदत ठरवताना तिला कोणी विचारलं असेल असं मला तरी वाटत नाही. तुमच्या ओळखीत असं शिक्षण मध्येच सुटलेलं कोणी परत कॉलेजात गेलं असेल, तर जरूर कळवा.