मेहुण्याहून मंगळवेढ्याला

देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. त्याचा जन्म मंगळवेढ्यालाच झाला, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. तो वाद इथे सोडवण्याचे कारण नाही. परंपरेला दोन्ही गावे ठाऊक आहेत, आणि या दोन गावांमधले तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर चोखोबाच्या कथेत पुन्हा पुन्हा आडवे येते. बहीण निर्मळा आणि तिचा नवरा बंका मेहुण्याला. चोखोबा, सोयराबाई आणि मुलगा कर्ममेळा मंगळवेढ्याला.

सोयराबाईच्या बाळंतपणाची कथा आमच्या भागात कीर्तनातून सगळ्यांनी ऐकलेली असते. दिवस भरत आले, घरात काही नाही, म्हणून चोखोबा बहिणीला आणायला मेहुण्याला गेला. मागे सोयराबाईला कळा सुरू झाल्या. तेव्हा विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन आला आणि त्याने बाळंतपण केले. लहानपणापासून मी ही कथा देवाच्या भक्तवात्सल्याची म्हणून ऐकत आलो. पुढे सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका बाईने उसाच्या फडात झालेले आपले पहिले बाळंतपण मला सांगितले. कोपीत ती आणि टोळीतली एक म्हातारी, बाकी सगळे तोडीवर. त्या दिवसापासून चोखोबाची कथा मला वेगळी ऐकू येऊ लागली. नणंद तीनशे किलोमीटरांवर असते, म्हणून देवाला यावे लागते. ज्या समाजाने ही कथा जपली, त्याला परमुलखातल्या बाईचे एकटेपण नेमके माहीत होते.

चोखोबाचा शेवटही कामावरच झाला. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८. देवगिरीचे यादव संपून वीसेक वर्षे झाली होती. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली जे मजूर गेले, त्यांत चोखोबा होता. नामदेवांनी येऊन त्याच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. कोणत्या अस्थी चोखोबाच्या, हे ओळखायचे कसे? तर ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्याची, असे परंपरा सांगते. त्याच भिंतीखाली गेलेल्या बाकीच्यांची नावे परंपरेकडे नाहीत.

चोखोबाच्या कामाला आजच्या अर्थाने स्थलांतरित मजुरी म्हणता येणार नाही. त्यात वेठीचा, जातीने लादलेल्या कामाचा भाग मोठा होता. तरीही बुलढाणा जिल्ह्यातून बाहेर पडणाऱ्या मजुरांचा मागोवा घ्यायला बसलो, तेव्हा सुरुवात इथूनच करावीशी वाटली. याला आणखी एक कारण आहे. सोलापूर हा आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा आहे, आणि खुद्द मंगळवेढ्यातही संत दामाजींच्या नावाचा कारखाना आहे. घाटावरचे कोयते ज्या साखरपट्ट्यात जातात, तो हाच. वाट जुनीच आहे.

मात्र ही वाट कायम बाहेर जाणारीच होती असे नाही. मधला एक काळ असा होता की माणसे या जिल्ह्यात येत होती.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर पडली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव घेत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगाव मुख्य मार्गापासून आत होते, म्हणून केवळ कापसासाठी जलंबपासून तिथपर्यंत फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आला. आठ मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या कापसाचे मोल यावरून कळावे.

त्या तेजीत मारवाडातून व्यापारी आले. निजामाच्या मुलखातून आणि खानदेशातून शेतकरी आले, मजूर आले. गायरान आणि रान मोडून कापूस पेरला गेला. सरक्या काढणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले, वेचणीच्या दिवसांत हातांची टंचाई होऊ लागली. आज ज्या घराण्यांतली मुले पुण्याला कामाला जातात, त्यांपैकी कित्येकांचे पणजोबा कामासाठीच इकडे आलेले होते. आमच्याकडे कुळाचे मूळ गाव विचारले की कन्नड, भोकरदन, परतूर अशी नावे निघतात.

पण या सुबत्तेत एक खोट होती. कापूस इथे पिकला, इथे पिंजला, इथे त्याच्या गाठी झाल्या. सूत आणि कापड मात्र दुसरीकडे निघाले. जिन-प्रेसचे काम हंगामापुरते. वर्षभर माणूस पोसणारी, त्याच्या हाताला कसब देणारी गिरणी जिथे होती, ती गावे वाढली. लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या ग्रंथात वऱ्हाडचा कापूस आणि वऱ्हाडचा दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. ज्वारीखालची जमीन आणि गुरांचे गवत कापसाने घेतले, धान्याची पेवे रिती होत गेली, आणि १८९९ चा पाऊस चुकला तेव्हा शेतकऱ्याच्या हाती खायला कापूसही नव्हता. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. आधीच्या शिरगणतीपेक्षा ती कमी होती. तीस-चाळीस वर्षे माणसे ओढून घेणाऱ्या जिल्ह्यातली माणसे कमी झाली.

म्हणून मला वाटते की स्थलांतराची चर्चा पावसापासून सुरू करणे अपुरे आहे. या जिल्ह्यातून आधी कच्चा माल गेला, त्याबरोबर त्या मालावरचे काम गेले. हात त्यामागून गेले.

घाटाखाली निदान रेल्वे होती. घाटावर, म्हणजे चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागात तीही आली नाही. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्याकडे निवडणूक आली की तिचे सर्वेक्षण होते. घाटावरची जमीन चढउताराची, बरीचशी हलकी, आणि पाऊस मराठवाड्यासारखा बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळात इथेही पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडण्याची कामे निघाली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माणसाला गावातच काम मिळावे आणि त्याला गाव सोडावे लागू नये, हा तिचा एक सरळ हेतू होता. सुकडी आणि मिलो खाल्लेल्या पिढीतली माणसे अजूनही त्या कामांविषयी कृतज्ञतेने बोलतात.

मग रोजगार हमी असताना, पुढे २००५ चा केंद्राचा कायदाही आला असताना, लोक जातात का? याचे उत्तर एका मुकादमाने मला चहाच्या टपरीवर दिले. "साहेब, तिथं काम केल्यावर पैसे येतात, तेबी महिन्यानं. मी कामाच्या आधी देतो."

त्याच्या या वाक्यात ऊसतोडीचे सगळे अर्थशास्त्र आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात, बी-खताची किंवा पोरीच्या लग्नाची अडचण असते त्या वेळी, मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ती प्रतिटन दराने तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या हंगामावर चढते. केरळातला माणूस आखातात जातो तेव्हा आधी माणूस जातो आणि मागून पैसा घरी येतो; त्या पैशाने केरळात घरे झाली, शाळा-दवाखाने चालले. इथे आधी पैसा येतो आणि त्याच्यामागे माणूस जातो. दसऱ्या-दिवाळीनंतर टोळी ट्रॅक्टरमध्ये बसते तेव्हा तिची मजुरी बहुधा खर्च झालेली असते. फडातून गावाकडे पाठवायला काही उरत नाही. स्थलांतराने गावाला काय मिळाले, हा प्रश्न विचारताना हा उलटा क्रम विसरला, तर हिशेब चुकतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, ही मोठीच गोष्ट. पण दर वाढला म्हणून क्रम बदलला नाही.

नव्वदच्या दशकानंतर आणखी एक बदल झाला, ज्याच्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. घाटावर सोयाबीन आले. कापसाच्या वेचण्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे दोन-तीन महिने चालत, आणि ते काम मुख्यतः बायांचे. सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत निघते, दसऱ्याच्या आगेमागे मळणीयंत्रातून पोत्यात जाते. पैसा लवकर हाती येतो म्हणून शेतकऱ्याला ते परवडले. पण त्यानंतर कोरडवाहू गावात उन्हाळ्यापर्यंत हाताला काम उरले नाही, आणि नेमके त्याच सुमाराला साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. एका पिकाने हिवाळा मोकळा केला आणि दुसऱ्या पिकाने तो भरून घेतला. बायांची वेचणी गेली, हाती कोयता आला.

याचा गावावर होणारा परिणाम गोल फिरतो. मजूर जातात म्हणून दहा एकरवाला ओरडतो की माणूस मिळत नाही. तो निंदणीऐवजी तणनाशक मारतो, कापणीला यंत्र बोलावतो. एप्रिलमध्ये टोळी परत येते तेव्हा गावातले काम आणखी कमी झालेले असते. मग पुढच्या वर्षी उचल घेणारी घरे वाढतात.

डिसेंबरमध्ये अशा एखाद्या गावात किंवा तांड्यावर गेले की कुलपे दिसतात. ओट्यावर म्हातारी माणसे आणि त्यांच्या भोवती नातवंडे. मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि जिथे शिक्षक मनापासून लागले तिथे तिने मुले शाळेत टिकवली, हे मी पाहिले आहे. जिथे वसतिगृह उशिरा सुरू होते तिथे मूल आईबापांबरोबर फडावर गेलेले असते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायची भीती आणि बरोबर न्यायचीही भीती. त्यातून मार्ग म्हणून तिचे लग्न लवकर उरकतात. मुलाकडच्यांचाही कोयता त्यामुळे पुरा होतो. २०२४ च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला आले तेव्हा मजुरांना थांबवावे की जाऊ द्यावे, याची एकच धांदल उडाली होती. ग्रामसभांसाठी तेवढी धांदल कोणी करत नाही. निम्मे गाव बाहेर असताना काय ठराव होतात, ते कोणी परतल्यावरही विचारत नाही.

सगळे ऊसतोडीलाच जातात असे नाही. कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेला, शिकलेली मुले वाळूज-चाकणच्या कारखान्यांत. जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या सातपुड्यातल्या आदिवासींची वाट निराळी आहे, तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवे. उलट्या दिशेच्या काही गोष्टीही नोंदवल्या पाहिजेत. देऊळगावराजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन वाढले आहे. परागीकरणाचे ते नाजूक काम बायांच्या हाताशिवाय होत नाही, आणि त्या गावांतल्या काही घरांनी उचल घेणे सोडले. खडकपूर्णेवरच्या ज्या धरणाने या भागात ओलीत वाढवले, त्याला चोखासागर हे नाव आहे.

दुसरबीडला मात्र या इतिहासाचे वेगळेच रूप दिसते. तिथे जिजामातेच्या नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. तो बंद पडला. ज्या पंचक्रोशीतला कारखाना थंड आहे, तिथली माणसे दुसऱ्यांच्या कारखान्यांचा ऊस तोडायला जातात. आणि त्याच दुसरबीडजवळ तढेगाव फाट्यावर २० ऑगस्ट २०२१ रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर घेऊन निघालेला लोखंडाने भरलेला टिप्पर उलटला. तेरा मजूर लोखंडाखाली दबून गेले. ते इथले नव्हते, परप्रांतातून कामाला आलेले होते. आमची माणसे बाहेर आणि आमच्या जमिनीवरून जाणारा रस्ता बांधायला दुसऱ्या कुठल्या तरी कोरडवाहू गावातली माणसे इथे. त्या बातम्या वाचताना मला गावकूस आठवले. त्या तेरा जणांच्या गावी कोणी अस्थी नेल्या असतील, तर त्यांना ओळखण्यासाठी आधार कार्ड तरी असेल, एवढाच फरक.

जानेवारीत आमच्याकडे दोन मोठे दिवस येतात. १२ तारखेला सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्मोत्सव. त्याला महाराष्ट्रभरातून लोक येतात, रस्ते भरून जातात. त्याच महिन्यात मेहुणाराजाला चोखोबाचा जन्मोत्सव होतो. गेल्या खेपेला मी मेहुण्याला गेलो होतो. परतताना वाटेतल्या एका वस्तीवर पाणी प्यायला थांबलो. एका घराला कुलूप होते आणि कडीला कागद बांधला होता. त्यावर कोणाचा तरी मोबाइल नंबर आणि खाली शाळकरी अक्षरात लिहिले होते : आजी कोपऱ्यावरच्या घरी आहे.

तिला विचारले, मुलगा-सून कुठे?

"पंढरपुराकडं," ती म्हणाली. "वारीला न्हाई. तोडीला."