पहिलटकरणीसाठी एपिड्युरल : समज आणि वस्तुस्थिती

पहिल्या बाळंतपणात कळा दीर्घकाळ चालतात. गर्भाशयाचे मुख पूर्ण म्हणजे १० सेंटिमीटर उघडेपर्यंत पहिलटकरणीला १२ तास किंवा त्याहून अधिक काळही लागू शकतो. या वेदना कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे एपिड्युरल. मात्र ‘कळा सोसायच्याच असतात’ या समजुतीमुळे घरात त्याविषयी आधी बोलणे होत नाही आणि ऐन वेळी घाईने निर्णय घ्यावा लागतो.

पद्धत कशी?

मज्जारज्जूभोवतीच्या जाड आवरणाबाहेर एक अरुंद पोकळी असते. कमरेच्या खालच्या भागातील त्वचा बधिर करून भूलतज्ज्ञ दोन मणक्यांमधून सुईने या पोकळीत बारीक नळी बसवतात. सुई काढून घेतली जाते, नळी तेवढी राहते. मज्जारज्जू साधारणपणे याच्या वरच संपलेला असतो. नळीतून ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिरता आणणारे औषध, बहुधा फेंटानिलसह, अल्प मात्रेत दिले जाते. सुमारे २० मिनिटांत कळांची तीव्रता ओसरते. स्त्री पूर्ण शुद्धीवर असते. सिझेरियनची वेळ आलीच, तर बहुतेक वेळा याच नळीतून शस्त्रक्रियेपुरती भूल देता येते.

दोन मोठ्या शंका

एपिड्युरलमुळे सिझेरियन करावे लागते, ही पहिली शंका. शिकागो येथे पहिलटकरणींवर झालेला अभ्यास २००५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. कळांच्या सुरुवातीलाच असे वेदनाशमन दिले, तरी सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही, असे त्यात आढळले. कोक्रेन संस्थेच्या २०१८ मधील आढाव्याचा निष्कर्षही असाच आहे. कायमची कंबरदुखी जडते, या दुसऱ्या शंकेलाही या आढाव्यात आधार मिळालेला नाही. सुई टोचल्याची जागा काही दिवस दुखू शकते, इतकेच.

मर्यादा आणि धोके

प्रसूतीचा दुसरा टप्पा, म्हणजे बाळ बाहेर येण्याचा काळ, काहीसा लांबतो. रक्तदाब उतरणे, खाज, थंडी वाजणे, ताप, पाय जड होणे, लघवी अडणे असे त्रास संभवतात. काहींना पुरेसा आराम पडत नाही आणि नळी पुन्हा बसवावी लागते. साधारण शंभरात एका स्त्रीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. तिच्यावर उपचार आहेत. मज्जातंतूंना कायमची इजा अत्यंत विरळ. रक्तातील प्लेटलेट फार कमी असल्यास, रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा कमरेच्या त्वचेवर जंतुसंसर्ग असल्यास एपिड्युरल टाळावे लागू शकते.

आधी काय विचारावे?

आठव्या महिन्यातच रुग्णालयात चौकशी करणे हिताचे. भूलतज्ज्ञ रात्री-अपरात्रीही उपलब्ध असतात का? नळी बसवल्यावर आईचा रक्तदाब आणि बाळाचे ठोके सतत कोण पाहते? खर्च किती? या सोयी नसतील, तर इतर कोणते उपाय मिळतील?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार, वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी गर्भवतीला तिच्या पसंतीनुसार एपिड्युरल देता येते. म्हणजेच मागणी तिची असावी. सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मोलाचा असला, तरी होकार किंवा नकार तिचाच असायला हवा. कळा सुरू झाल्यावर तिने मत बदलले, तर तेही ऐकून घेतले पाहिजे.