मूठभर पाला आणि हातभर जमीन



कोथिंबीर, मेथी, पुदिना असल्या पाल्याविषयी एखाद्या कामगार कार्यकर्त्याने या व्यासपीठावरून बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. हा विषय वैद्याचा, नाही तर स्वयंपाकघराचा, असा आपला समज असतो. वास्तविक ताज्या पाल्यालाही इतिहास आहे, आणि तो राजवाड्यांपेक्षा जहाजांवर, वेढ्यांत आणि चाळींत अधिक घडला आहे. पाला कोणाच्या ताटात होता, कोणाच्या नव्हता आणि का नव्हता, एवढाच प्रश्न धरून मी बोलणार आहे.

प्रथम घरचे पाहू. धने आपल्याकडे फार जुने. पाणिनीच्या व्याकरणात ‘कुस्तुम्बुरु’ या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्रच आहे. ही वनस्पती मूळची भूमध्य समुद्राकडची आणि पश्चिम आशियातली. इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही धने सापडले. असे हे परके रोप आपल्या परसात इतके रुजले की कोथिंबिरीवाचून आमटी आज आपणांस अपुरी वाटते. खेड्यातल्या घराला परसू असे. मोरीच्या पाण्यावर अळू वाढे, कुंपणाला शेवगा असे. भांगलणीला गेलेली बाई सांजचे परतताना तांदुळजा किंवा घोळ ओटीत बांधून आणी. याला पैसा पडत नसे, म्हणून जमाखर्चाच्या वहीत त्याची नोंद नाही. आणि वहीत नोंद नाही म्हणून इतिहासाच्या पुस्तकातही नाही. अरणच्या सावता माळ्यासारख्या संताला आपला विठ्ठल भाजीच्या मळ्यात दिसला, यात भक्ती तर आहेच. पण तो मळा कष्टकऱ्याचा किती मोठा आधार होता, हेही त्यात आहे.

हा आधार सुटला की काय होते, हे समुद्राने प्रथम दाखविले. १४९७ साली वास्को द गामा हिंदुस्थानाकडे निघाला, तेव्हापासून पुढची तीन शतके लांबच्या सफरीवरचे खलाशी स्कर्व्हीने मरत. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. ताटात बिस्किट आणि खारवलेले मांस. हिरवे काही नाही. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजी डॉक्टराने १२ आजारी खलाशी घेऊन दोघादोघांना वेगवेगळे उपाय दिले. संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे काही दिवसांतच सावरले. १७५३ साली त्याचा ग्रंथ निघाला. परंतु इंग्रजी आरमाराने सर्रास लिंबाचा रस देण्याचे ठरविले ते १७९५ साली! प्रयोगापासून ४८ वर्षे गेली. ज्ञान होते, पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्या हाती हुकूम नव्हता. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

दुसरी हकीकत आपल्या अधिक जवळची आहे. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन इराकात कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. तीत १०३ आणि ११० या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने वेढा चालला. गावात गोरे आणि हिंदी शिपाई एकाच संकटात होते, पण त्यांचे आजार निराळे होते. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाली. कोंड्यासकट आटा खाणारे हिंदी शिपाई तिच्यातून वाचले. पण त्यांना स्कर्व्हीने गाठले. घोड्याचे ताजे मांस खाणाऱ्या गोऱ्यांना त्यातून थोडे तरी संरक्षण मिळाले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते धर्मासाठी नाकारले, आणि भाजी तर नव्हतीच. परसात पाला खुडत वाढलेली ही मुले. त्यांना पाल्याची किंमत कोणी शिकवावी लागत नव्हती. पाला मिळण्याची वाटच बंद झाली होती. पुढे १९३२ च्या सुमारास क जीवनसत्त्वाची ओळख पटली आणि आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या हकीकतीचे शास्त्र उलगडले. माणसाच्या शरीराला हे सत्त्व स्वतः तयार करता येत नाही आणि फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही. ते अन्नातूनच, आणि नेहमी, यावे लागते.

आता मुंबईकडे वळू. पलटणीत भरती होणाऱ्या याच कोकणातली आणि घाटावरची माणसे गिरण्यांतही आली. पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि गिरणगाव वाढत गेला. गिरणीला वेढा नव्हता, तरी पाल्याची वाट इथेही अरुंद झाली. १९२३ साली सरकारच्या कामगार खात्याने मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा की, कामगाराच्या पोटात धान्य दुष्काळी कायद्याने ठरविलेल्या कमाल प्रमाणाइतके जाते, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला नेमून दिलेल्या आहारापेक्षा ते कमीच भरते! सरकारी कागदानेच ही कबुली दिली, हे विशेष.

याचे कारण केवळ पगार नव्हे. पाल्याला तीन गोष्टी लागतात: जागा, पाणी आणि वेळ. एका खोलीत सहा-सात माणसे राहत, तिथे परसू कुठले? नळ मजल्यावर सामाईक, पाणी ठराविक वेळी. आणि वेळ? १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला, तो सुद्धा उपकार वाटावा अशी स्थिती होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली रविवारची सुटी मिळविली. १९२२ साली आठवड्याचे ६० तास झाले, १९३४ साली ५४ आणि १९४८ साली ४८. मला तर हा भाजी निवडण्याच्या सवडीचाही इतिहास वाटतो. त्या चाळींच्या गॅलऱ्यांत तुपाच्या रिकाम्या डब्यांतून पुदिना, पानओवा, गवती चहा उगवत असे. ही हौस खरीच, पण गमावलेल्या परसाची ती आठवणही होती.

इंग्लंडात हा प्रश्न कायद्याने हाताळला गेला. १९०८ च्या कायद्याप्रमाणे सहा मतदारांनी लेखी मागणी केली, तर स्थानिक मंडळाला तिचा विचार करणे भाग झाले आणि श्रमिकांना भाजीपाल्यासाठी खंडाने जमिनीचे तुकडे देणे हे त्याचे कर्तव्य ठरले. पहिले महायुद्ध संपताना असे सुमारे पंधरा लाख तुकडे लागवडीखाली होते. आमच्याकडे काय झाले? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या नियमात, जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी द्यावी, असे होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती मान्य केली. इमारती उभ्या असलेली जमीन वाटणीतून सुटली. हाताशी आलेली जागा अशी निसटली.

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. घरी जे करता येईल ते आजच करावे. डब्याच्या तळाला भोके पाडावीत. धने हलके रगडून दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत. आठ-दहा दिवसांत उगवतात. मेथी तीन-चार दिवसांतच वर येते. बाजारच्या पुदिन्याची काडी सुद्धा मातीत लागते. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांना चालते. साबणाचे किंवा गटाराचे घालू नये. पाला आधी धुवावा, मग चिरावा. क जीवनसत्त्व शिजवताना पुष्कळ नासते, म्हणून कोथिंबीर भांडे उतरवतानाच घालावी आणि वर लिंबू पिळावे. त्याने भाजीतले लोहही अंगी लागायला मदत होते. मात्र पाला हे अन्न आहे. आजाऱ्याने डॉक्टरकडेच जावे.

पण डब्यावर थांबू नये. नव्या वसाहतीचा नकाशा येईल तेव्हा मोटारी उभ्या करण्याची जागा जशी आपण मोजून घेतो, तशी गच्चीवर किंवा आवारात भाजीच्या वाफ्यांची जागाही मागावी. सोसायटीच्या सभेत, नगरपालिकेत, कामगारांच्या मागणीपत्रकात हे कलम लिहून द्यावे. कोथिंबिरीचा गुण आपल्या आजीला ठाऊक होता, पण तिला परसूही होता. आपल्या नातवंडांना नुसता गुण सांगून भागणार नाही. त्यांच्यासाठी हातभर जमीन राखून ठेवावी लागेल.