पाच, पंधरा आणि त्यापलीकडे : विजेच्या प्लगचा प्रशासकीय इतिहास

सरकारी वसाहतींतील जुन्या घरांत भिंतीवर दोन आकारांची सॉकेट्स आढळतात. लहान सॉकेटला आपण नुसता 'प्लग' म्हणतो आणि मोठ्याला 'पॉवर प्लग'. वास्तविक वीज दोन्हींतून येते. मग एकालाच 'पॉवर' का म्हणावे? या प्रश्नाच्या मागे गेल्यास आपण तंत्रज्ञानापेक्षा दरपत्रकांच्या आणि प्रशासनाच्या इतिहासात जाऊन पोहोचतो.

विजेच्या आरंभीच्या दशकांत वीज कंपन्या दिवे-पंख्यांसाठी एक दर आणि मोटर, शेगडी यांसारख्या 'पॉवर' वापरासाठी दुसरा, कमी दर आकारीत. त्यासाठी मीटरही वेगळे असत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही. दिव्याची गरज संध्याकाळी एकाच वेळी सर्वांना भासते आणि त्याला पर्याय रॉकेलचा. त्यामुळे ग्राहक जास्त दर सोसतो. दिवसा मात्र केंद्राची यंत्रे रिकामी राहतात, आणि ती कामी लावण्यासाठी कारखानदाराला स्वस्त वीज देणे कंपनीच्याच फायद्याचे असते. दर दोन, म्हणून मीटर दोन, तारा दोन आणि सॉकेट्सही दोन, अशी ही मांडणी होती. दर पुढे बदलले, मीटर एक झाले. 'पॉवर' हा शब्द तेवढा भिंतीवर राहिला.

या दोन आकारांचे मूळ ब्रिटनच्या बी.एस. ५४६ या १९३४ सालच्या प्रमाणात आहे. त्यात गोल पिनांचे प्लग २, ५, १५ आणि ३० अँपिअर अशा चार क्षमतांचे होते. क्षमता वाढेल तसा आकार मोठा, त्यामुळे १५ अँपिअरचा प्लग ५ अँपिअरच्या सॉकेटात जातच नाही. मला यात प्रशासनाचा एक उत्तम धडा दिसतो. हा नियम वाचावा लागत नाही आणि त्यासाठी निरीक्षक नेमावा लागत नाही. पितळेच्या पिनेतच तो घातलेला असतो.

१९४७ साली दोन गोष्टी घडल्या. ६ जानेवारीला भारतीय मानक संस्था, म्हणजे आय.एस.आय., स्थापन झाली. त्याच वर्षी ब्रिटनने स्वतःची जुनी पद्धत सोडून बी.एस. १३६३ हा चपट्या पिनांचा, आत फ्यूज असलेला १३ अँपिअरचा प्लग स्वीकारला. युद्धोत्तर घरबांधणीत तांबे वाचवायचे होते, आणि घरभर एकच वळसा घालणारी 'रिंग' वायरिंग त्यासाठी सोयीची होती. भारताने मात्र आय.एस. १२९३ या १९५८ सालच्या प्रमाणात गोल पिनाच कायम ठेवल्या. त्या काळात हाच निर्णय शहाणपणाचा होता, असे मला वाटते. असलेले वायरिंग उखडणे देशाला परवडणारे नव्हते. अर्थतज्ज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ साली टंकयंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन दाखविले की, एकदा रूढ झालेली पद्धत तिची मूळ कारणे संपल्यानंतरही टिकून राहते. आपला प्लग हे त्याचेच घरगुती उदाहरण होय.

पुढे ५ चे ६ आणि १५ चे १६ झाले. हा बदल वाटतो तितका मनमानी नाही. १०, १६, २५, ४०, ६३ ही प्रत्येक वेळी सुमारे १.६ पटीने वाढणारी मालिका एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल रेनार्ड यांच्या नावाने ओळखली जाते. लष्करी बलूनसाठी लागणाऱ्या दोरांच्या असंख्य जाडींना आळा घालण्यासाठी त्यांनी अशी मालिका वापरली. आंतरराष्ट्रीय विद्युत मानकांनी तिचाच आधार घेतला आणि आपणही त्यांच्याशी जुळवून घेतले. जुने प्लग नव्या सॉकेटांत चालत राहिले, म्हणून सामान्य ग्राहकाला हा बदल जाणवलाही नाही.

मात्र आपले हे प्रमाण १६ अँपिअरवर थांबते. ब्रिटनच्या यादीतील ३० अँपिअरचा गोल पिनांचा प्लग आपल्याकडे रुजला नाही. घरापुरते पाहता त्याची उणीव भासली नाही. पण भारतात घर आणि कारखाना यांच्यामध्ये एक फार मोठा प्रदेश आहे. ग्रिल-शटर बनविणारे, ट्रॉली जोडणारे, बांधकामावर सळ्या आणि जिने जोडणारे असे लक्षावधी लोक त्यात मोडतात. त्यांचे मुख्य अवजार म्हणजे वेल्डिंग मशीन.

थोडा हिशेब मांडू. जुन्या पद्धतीचा वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर रॉडच्या बाजूला २०० अँपिअर देत असेल आणि त्याचे मोकळे व्होल्टेज ७५ असेल, तर तो १५ किलोव्होल्ट-अँपिअर ओढतो. दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर, हा प्रवाह सुमारे ३६ अँपिअर होतो आणि एका फेजवर ६५. सोळाच्या सॉकेटाचा येथे प्रश्नच उरत नाही. वेल्डर सलग काम करीत नाही, हे खरे. दहा मिनिटांत सहा मिनिटे आर्क चालू असेल, तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ३६ अँपिअरचा परिणाम सलग २८ अँपिअरइतका होतो. एवढी सूट धरूनही ३२ अँपिअरचा औद्योगिक प्लग लागतोच. असे प्लग अस्तित्वात आहेत. युरोपात रूढ झालेली निळी आणि लाल औद्योगिक सॉकेट्स १६, ३२, ६३ आणि १२५ अँपिअरची असतात. निळे २३० व्होल्टच्या आणि लाल ४०० व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यासाठी. अर्थिंगच्या पिनेची जागा व्होल्टेजनुसार बदलत असल्याने चुकीचा प्लग आत जातच नाही. आपणही हे मानक आय.एस./आय.ई.सी. ६०३०९ या क्रमांकाने स्वीकारले आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? नोकरीच्या निमित्ताने लुधियाना, राजकोट, कोइमतूर, कोल्हापूर अशा गावांतील फॅब्रिकेशनच्या गल्ल्यांतून मी हिंडलो आहे. भाषा बदलते, दृश्य बदलत नाही. दोन उघड्या तारा कटआउटला थेट अडकविलेल्या, किंवा सॉकेटात खुपसून काडेपेटीच्या काडीने घट्ट केलेल्या. अर्थिंगची तार बहुधा नसतेच, कारण तिच्यावाचून मशीन चालते. बांधकामाच्या जागी पाऊस आणि लोखंडी परांची यांची त्यात भर पडते. देशात दरवर्षी विजेच्या धक्क्याने दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी या पार्श्वभूमीवर वाचावी.

नियम नव्हते असे नाही. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ प्रमाणे परवानाधारकानेच जोडणी करावी, असे बंधन होते. पुढे आलेल्या नियम ६१-अ ने गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण सक्तीचे केले, पण ५ किलोवॅटहून लहान जोडण्यांना सूट दिली. मेख येथेच आहे. तीन किलोवॅट मंजूर भार असलेल्या दुकानात पंधरा किलोव्होल्ट-अँपिअरचे मशीन चालते. कागदावर ते दुकान लहानच असते. शिवाय अनेक राज्यांच्या दरपत्रकांत कमी पॉवर फॅक्टरपायी वेल्डिंग ट्रान्सफॉर्मरवर अधिभार लावला गेला. त्याचा हेतू योग्य होता, कारण एकाच्या मशीनने शेजाऱ्यांचे दिवे लुकलुकतात आणि हा खर्च त्याच्या बिलात येत नाही. परंतु खरा भार सांगणाऱ्याला दंड आणि लपविणाऱ्याला सूट असा संकेत त्यातून गेला. मग लपविलेल्या मशीनला रीतसर प्लग कोण बसविणार?

माझ्या मते उपाय तीन आहेत. वेल्डिंगचा भार जाहीर करणाऱ्याला पहिली काही वर्षे अधिभारातून मोकळे करावे. बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीबरोबरच ३२ अँपिअरचे औद्योगिक सॉकेट आणि गळतीरोधक उपकरण असलेली पेटी वीज कंपनीनेच भाड्याने द्यावी. आणि कमी प्रवाह ओढणारी इन्व्हर्टर मशीन घेण्यासाठी लहान कारागिराला सुलभ कर्ज मिळावे. यांपैकी एकासाठीही नवा कायदा लागत नाही. १९३४च्या प्लगने मोठ्या भाराला लहान सॉकेटात शिरू दिले नाही, पण मोठ्या भारासाठी मोठे सॉकेटही दिले होते. आपण मनाई तेवढी ठेवली. सॉकेट देणे अजून बाकी आहे.