किनाऱ्याला वाळूची भर

समुद्रकिनाऱ्यावरची वाळू बहुतेक ठिकाणी नद्यांनी आणलेली असते. धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरच्या किल्ल्याभोवतीचे ओढे-नाले तापीच्या खोऱ्यात उतरतात. पांझरा, बुराई, गिरणा, वाघूर याही तापीलाच मिळतात. मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे डुमसपाशी खंभातच्या आखातात शिरते. सातपुडा आणि सह्याद्रीचा झिजलेला खडक पावसाळी पुरांबरोबर हजारो वर्षे तिथवर जात होता. १९७२ मध्ये गुजरातेत उकाई धरण पुरे झाल्यावर त्यातला मोठा वाटा जलाशयाच्या तळाशी बसू लागला. त्याच्या वरच्या अंगाला हतनूरचे धरण आणि सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज झाले. बांधकामासाठी पात्रातून निघणारी वाळू वेगळीच. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावर उंबरगावसारख्या गावांची जमीन समुद्र कापत गेला. त्यामागे भरती-ओहोटीचा जोरही आहे, म्हणून सगळा दोष धरणांवर टाकता येत नाही. पण नदीकडून येणारी भर घटली, हे खरे.

किनारा मुळात स्थिर नसतो. लाटा तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्याच्या कडेने पुढे सरकवत नेतात. मागून तेवढीच वाळू येत राहिली, तर पुळण टिकते. धरण ही भर नदीतच अडवते, बंदराचा लाटारोधक बांध ती समुद्रात अडवतो. बांधाच्या एका बाजूला वाळू साचते आणि दुसरी बाजू खचत जाते. यावर कोकणात रुळलेला उपाय म्हणजे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा. तो मागची घरे आणि माडांच्या बागा काही काळ वाचवतो, पण त्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. भिंत उरते, पुळण जाते.

पुळण वाचवायची तर गेलेली वाळू परत आणून घालावी लागते. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९२२-२३ मध्ये समुद्रतळाची वाळू पंपाने ओढून किनाऱ्यावर पसरण्यात आली. मोठ्या प्रमाणावरच्या अशा कामांत हे सुरुवातीचे मानले जाते.

भारतातले सर्वांत बोलके उदाहरण विशाखापट्टणमचे. तिथले बंदर १९३३ मध्ये सुरू झाले. पूर्व किनाऱ्यावर वाळूचा ओघ वर्षाच्या हिशेबाने दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो, त्यामुळे बंदराचे तोंड वाळूने भरून जाण्याची भीती होती. इंजिनिअरांनी तोंडाच्या दक्षिणेला दोन जुनी जहाजे बुडवून आडोसा केला. त्याच्या सावलीत साचलेली वाळू ड्रेजरने उपसायची आणि पाइपातून उत्तरेच्या किनाऱ्यावर सोडायची, अशी ही योजना होती. बंदर मोकळे राहावे आणि शहराची पुळणही उपाशी राहू नये, असा दुहेरी विचार तिच्यात होता, आणि तो काळाच्या पुढचा होता. १९७६ मध्ये बाहेरचे बंदर झाले, बांध लांबले, वाळू साचण्याची जागा बदलली; शहरातल्या रामकृष्ण बीचला भर घालण्याची गरज मात्र वाढतच गेली. ऑक्टोबर २०१४ मधल्या हुदहुद चक्रीवादळानंतर हा किनारा पुन्हा जोरात खचला, तेव्हा उपसलेल्या वाळूचाच आधार घ्यावा लागला.

हे काम वाळूच्या कणावर अवलंबून असते. नवी वाळू मूळ वाळूइतकी किंवा तिच्याहून थोडी जाड हवी. बारीक असली तर एक-दोन पावसाळ्यांत निघून जाते, आणि चिखल तर टिकतच नाही. चिखलाचा हा धडा मुंबईने फार महागात घेतला. १९२०च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबे भरून काढण्याचे काम निघाले. समुद्रात भिंत बांधून तिच्यामागे बंदरातला उपसा पंपाने सोडला जाई. मऊ गाळ भिंतीच्या फटींतून परत समुद्रात झिरपू लागला, खर्च फुगला, वकील खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर जाहीर टीका केली, १९२६ मध्ये चौकशी झाली आणि ठरलेल्या आठ गटांपैकी त्या वेळी चारच भरले गेले. ते जमीन करण्याचे काम होते, पुळण राखण्याचे नव्हते. तरी बंदरातून निघणारा हरेक उपसा भरावाच्या कामाचा नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. मुंबईसारख्या खाड्यांच्या बंदरांतून मुख्यतः चिखलच निघतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर विशाखापट्टणमची नक्कल सहज जमत नाही.

दगडी बंधाऱ्यांची मर्यादा महाराष्ट्रातही ओळखली गेली. आशियाई विकास बँकेने २०१० मध्ये मंजूर केलेल्या किनारा संरक्षण कार्यक्रमात कर्नाटकातल्या उल्लाळबरोबर रत्नागिरीजवळचा मिऱ्या घेतला गेला. निव्वळ भिंती न बांधता लाटांचा जोर समुद्रातच मोडणारे रीफ आणि वाळूची भर, असे मऊ उपाय त्यात अभिप्रेत होते.

मऊ उपायाला शेवट नसतो, हे नेदरलँड्सने धोरणातच मान्य केले. १९९० मध्ये किनारारेषा होती तिथेच राखायचे ठरले आणि २००१ पासून दरसाल सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू समुद्रतळातून आणण्याचे लक्ष्य ठेवले गेले. २०११ मध्ये हेगजवळ २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच ठिकाणी ओतून ती लाटा-वाऱ्यांनी पसरवावी, असा प्रयोगही झाला.

एवढा खर्च दरवर्षी करण्याची ऐपत उंबरगाव किंवा मिऱ्यासारख्या गावांच्या वाट्याला येण्याची शक्यता कमी. म्हणूनच तापी-पांझरेच्या वाळूचे लिलाव ठरवताना आणि धरणातला गाळ काढताना किनाऱ्याचा वाटाही त्याच हिशेबात धरला गेला पाहिजे. धुळे-जळगावचे नियोजन आणि सुरत-वलसाडचा किनारा यांचा विचार एकत्र व्हायला हवा.